थरथर कुठून येते?

[दृश्य : सकाळ. बीड, महामार्गालगतचं गॅरेज. शटर वर जातं.]

या जीपच्या मालकाची सीताफळाची बाग बालाघाटाच्या उतारावर आहे. पावसाळ्यात वाटेवरचे दगड डिफला, म्हणजे मागच्या धुऱ्यावरच्या गिअरच्या गोळ्याला, घासायचे. म्हणून त्यानं स्प्रिंगचे पाटे वाढवले, पाट्यांना गाडीशी जोडणारे शॅकल लांब टाकले, मोठे टायर चढवले. गाडी तीन इंच उचलली गेली आणि बिनघोर बागेपर्यंत जाऊ लागली. डांबरी सडकेवर मात्र साठच्या पुढं सीटखाली थरथर सुरू झाली. तीही रोज नाही. सोमवारी येते, मंगळवारी गायब.

आधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली. एकानं चाकांचं बॅलन्सिंग केलं, दुसऱ्यानं इंजिनाचे माउंटिंग बदलले. पैसे गेले, थरथर राहिली.

[दृश्य : रिमच्या आत खुरपं. मातीचं ढेकूळ फरशीवर पडतं.]

मेस्तरींनी आधी पाना घेतला नाही, खुरपं घेतलं. काळ्या रानातली माती रिमच्या आत बसते आणि वाळून विटेसारखी होते. मूठभर माती एका बाजूला चिकटली तरी चाक डुगडुगतं. ढेकूळ गळून पडलं की गाडी सुधारते, पुन्हा रानात गेली की बिघडते. म्हणून इथं अशी तक्रार आली की पहिला संशय मातीवर.

माती निघाली. थरथर गेली नाही.

[दृश्य : मांजरसुंब्याचा रस्ता. कॅमेरा गिअरच्या दांड्यावर.]

आता मेस्तरी शेजारी बसलेत, बूट काढून. तळपाय पत्र्यावर. साठच्या वेगाला चौथा गिअर, मग त्याच वेगाला तिसरा. इंजिनाचे फेरे वाढले, थरथर तेवढीच. मग न्यूट्रल. इंजिन शांत झालं, थरथर मंदावली, पण थांबली नाही. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. स्टिअरिंग स्थिर आहे, म्हणजे पुढच्या चाकांवरचा संशयही कमी झाला.

राहिली मागची चाकं आणि शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर डिफपर्यंत नेणारा फिरता दांडा. इथं थोडा हिशेब लागतो. ३० इंची टायर एका फेऱ्यात जवळपास २.४ मीटर जातं, म्हणजे साठच्या वेगाला सेकंदाला ७ फेरे. डिफचं गुणोत्तर ४.१० धरलं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे, तर शाफ्टचे होतात २८-२९. आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, तिरका चालला की शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन झटके देतो, म्हणजे सेकंदाला सत्तावन्नच्या आसपास. चाकाचा दोष धडधडतो, क्रॉसचा दोष भुणभुणतो. मेस्तरींनी हा हिशेब कागदावर केला नाही. तळपायाला भुणभुण लागली आणि त्यांनी मान हलवली.

[दृश्य : मागच्या बाकावर चार जण दाटीवाटीनं बसतात.]

"पार्ट आणू नगं आधी. मागं चार माणसं बसीव."

घाट चढताना रिकामी गाडी थरथरली होती. चार जण बसले आणि त्याच घाटात थरथर जवळपास विरली. वजनानं पाटे दबले, शाफ्टचा उतार कमी झाला. सोमवार-मंगळवारचं कोडं इथं सुटलं: ज्या दिवशी मागं क्रेट भरलेले असतात, त्या दिवशी गाडी गप्प असते.

[दृश्य : गाडीखाली. कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला नट.]

हे शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवले आहेत. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकं टेकलेली. जॅकवर धुरा लोंबतो आणि कोन खोटा येतो. शाफ्ट जिथून निघतो त्या ट्रान्सफर केसचा तोंडाकडचा भाग ४ अंशांवर. डिफचं नाक ७ वर. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस सारख्या कोनात असतील तर एकाचा झटका दुसरा मारतो. लांब शॅकलनं धुरा मागं कलला, डिफचं नाक वर झालं आणि हे जुळणं मोडलं. ॲक्सिलरेटर दाबला की नाक आणखी वर उठतं. रिकामी गाडी घाटातच जास्त का थरथरायची, तेही कळलं.

मागच्या क्रॉसच्या वाटीभोवती तांबूस भुकटी होती. कोरडा पडलेला क्रॉस आतून गंजतो, ती त्याची खूण. वाटी काढल्यावर क्रॉसच्या दांड्यावर बेअरिंगच्या सुयांचे चरे दिसले, नखाला लागतील इतके खोल.

[दृश्य : पाटे आणि धुरा यांच्यामध्ये पाचर बसते.]

उपाय तीन अंशांची पाचर आणि नवा क्रॉस, ग्रीस भरून. दोन तासांचं काम. शोधायला लागला दीड दिवस. बिलात क्रॉस आहे, पाचर आहे, ग्रीस आहे. त्या दीड दिवसाचा रकाना कुठल्याच बिलबुकात छापलेला नसतो. मालकानं तो हातानं लिहून घेतला आणि पैसे दिले. असं व्हायलाच पाहिजे.

क्रॉस तुटला असता तर शाफ्ट सडकेवर आदळला असता. आणि गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ चे निर्बंध आहेत, हेही सांगायला हवं.

[दृश्य : पुन्हा घाट. रिकामी गाडी. पत्र्यावर मेस्तरींचे तळपाय.]

साठ. पासष्ट. सत्तर.

"दोनशे किलोमीटर झाले की ये. पाटे धरणारे यू-बोल्ट परत कसावे लागतेत."