चार मीटरांच्या आतली ऐट

श्रोतेहो, नमस्कार. डोळ्यांनी पाहायची वस्तू आज कानांनी पाहायची आहे. ती आहे टाटा मोटर्सची एचटूएक्स, मार्च 2019 मध्ये जिनिव्हाच्या वाहनप्रदर्शनात मांडलेली छोटी संकल्पना-एसयूव्ही, म्हणजे विकण्यासाठी नव्हे, तर कल्पना दाखवण्यासाठी बनवलेली गाडी. त्या वेळी कंपनीच्या रचना विभागाचे प्रमुख प्रताप बोस होते.

गाडीची लांबी 3,840 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम साडेबारा फूट. हा आकडा केवळ चित्रकाराच्या मनातून आलेला नाही. आपल्याकडे 2006 पासून चार मीटरांपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींना करात सवलत मिळत आली आहे, त्यामुळे अशा गाडीची पहिली रेघ मारण्याआधीच तिची मर्यादा ठरलेली असते. आता एवढ्याशा लांबीवर 1,635 मिलिमीटर उंची चढवली, की गाडी उभ्या डब्यासारखी दिसण्याचा धोका असतो, आणि रचनाकाराची खरी कसोटी मला इथेच दिसते. अशा गाड्यांच्या दारांच्या तळाशी आणि चाकांभोवती काळ्या प्लास्टिकची जाड पट्टी असते. ती ओरखडे झेलते खरी, पण तिचे मोठे काम म्हणजे रंगीत पत्र्याची उंची नजरेला कमी भासवणे. बारीक दिवे बॉनेटच्या कडेशी वर ठेवून मुख्य दिवे खाली बंपरमध्ये बसवले, की चेहरा रुंद वाटतो. चाके कोपऱ्यांकडे सरकवली, की आत पाय पसरायला जागा होते आणि बाहेरून गाडी ठाम उभी दिसते.

फेब्रुवारी 2020 मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत हीच कल्पना एचबीएक्स या नावाने आली आणि ऑक्टोबर 2021 मध्ये पंच म्हणून बाजारात उतरली. या प्रवासात लांबी अवघी 13 मिलिमीटरने घटली, रुंदी मात्र 1,822 वरून 1,742 वर आली. प्रदर्शनातल्या गाडीची रुबाबदार ऐट बरीचशी या 80 मिलिमीटरमध्ये होती, असे माझे मत आहे. ती गेल्याचे थोडे वाईट वाटते, पण गल्लीत समोरून टेम्पो आला की वाटत नाही.

पंचची दारे मात्र जवळजवळ काटकोनात उघडतात, ही सोय वयस्कर माणसांना फार मानवते. मागच्या दाराची मूठ खिडकीच्या चौकटीत काळ्या रंगात लपवलेली आहे, त्यामुळे बाजूने पाहता गाडी दोनच दारांची भासते. अर्थात पहिल्यांदा बसणारा पाहुणा ती मूठ क्षणभर शोधत राहतो, आणि लहान मुलांना तर ती उंचच पडते.