बोटी थांबल्या, पुढचं काय?

[दृश्य: ह्यूम हायवे, सकाळ. बायका एका ओळीत रस्त्याच्या कडेनं चालतायत.]

या बावीस जणी मेलबर्नमधून निघाल्यात आणि कॅनबेराला पार्लमेंटसमोर जाऊन थांबणारेत. अंतर ६४० किलोमीटर, महिना सप्टेंबर, साल २०२३. कोणी इराणमधून आलेली, कोणी श्रीलंकेची तमिळ, मागणी मात्र एकच, की आम्ही या देशात दहा वर्षं काढली, कामं केली, टॅक्स भरला, पोरं इथल्याच शाळेत शिकली, आता आम्हाला कायमचं राहू द्या. गाड्या शेजारून जातात, काही हॉर्न वाजवतात, काही जण काच खाली करून हात करतात. बाकी तुम्हीच बघा, आम्ही थोडा वेळ बोलत नाही.

[दृश्य: चालणं सुरू, फक्त रस्त्याचा आवाज.]

ऑस्ट्रेलियात आश्रयाचा विषय निघाला की चर्चा लगेच बोटींवर जाते. किती बोटी आल्या, कोणी थांबवल्या, कोण कडक, कोण ढिला. निवडणुका त्यावर लढल्या गेल्यात. पण या बायका आज बोटीत नाहीयेत, त्या हायवेवर आहेत, आणि समुद्रातून आत आलेल्या माणसाचं पुढे नेमकं काय करायचं हे या देशानं तीस वर्षांत धड ठरवलेलंच नाही. खरं तर ठरवलंय, पण ते ठरवणं एका मंत्र्याच्या टेबलावर ठेवलंय.

[दृश्य: जुनी चित्रफीत, डार्विन बंदर, व्हिएतनामी बोटी.]

हे आधीपासून असंच होतं असं नाही. १९५१ चा निर्वासितांचा करार लागू व्हायला सहा देशांची मंजुरी लागत होती, आणि १९५४ साली तो सहावा देश ऑस्ट्रेलिया होता. म्हणजे करार ज्यांच्या होकारानं चालू झाला तेच हे. एप्रिल १९७६ मध्ये डार्विनला पहिली व्हिएतनामी बोट लागली, त्यात पाच माणसं होती. पंतप्रधान होते माल्कम फ्रेझर, लिबरल पक्षाचे, तिथला लिबरल म्हणजे उजवा पक्ष हे लक्षात ठेवा. पुढच्या पाचेक वर्षांत साधारण दोन हजार लोक बोटीनं आले, आणि त्याच काळात आणि नंतर कितीतरी पट जास्त लोकांना मलेशिया वगैरे ठिकाणच्या छावण्यांमधून सरकारनं स्वतः विमानानं आणलं. लोकांचा विरोध नव्हता असं नाही, भरपूर होता, पण विरोधी पक्षानं त्यावर मतं मागायची फारशी घाई केली नाही. बोटी कमी करायचा तोही एक मार्ग होता, माणसाला बोटीत बसायची गरजच पडू नये असा.

[दृश्य: काटेरी तारा, वाळवंटातली छावणी, जुने फोटो.]

मग १९९२. सरकार लेबर पक्षाचं, म्हणजे डावीकडच्या पक्षाचं, पंतप्रधान पॉल कीटिंग. कंबोडियातून आलेल्या काही बोटींमधल्या लोकांनी कोर्टात धाव घेतली होती, निकाल यायच्या आत सरकारनं कायदा आणला की बोटीनं आलेल्यांना डिटेन्शनमध्ये, म्हणजे कोठडीत, ठेवायचंच, आणि कोर्टानं त्यांना सोडायचं नाही. त्या कायद्यात एक मर्यादा तरी होती, २७३ दिवसांची. १९९४ ला नवी व्यवस्था आली, ती व्हिसा नसलेल्या सगळ्यांना लागू झाली आणि २७३ दिवसांची मर्यादा गेली. आम्हाला विचाराल तर सगळ्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि याचं एकही चित्र नाही, कारण कायद्यातून आकडा गळताना दिसत नाही. २००४ मध्ये हायकोर्टानं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च कोर्टानं, चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की ज्याला कुठंच पाठवता येत नाही अशा माणसालाही बेमुदत आत ठेवता येईल. हा निकाल उलटायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं.

[दृश्य: टॅम्पा, लाल जहाज, डेकवर कंटेनर आणि त्यांच्यामध्ये माणसं.]

हे जहाज तुम्ही पाहिलं असेल. ऑगस्ट २००१. नॉर्वेचं मालवाहू टॅम्पा, कॅप्टन आर्ने रिनान. ऑस्ट्रेलियाच्याच यंत्रणेनं कळवलं की एक लाकडी बोट बुडायला आलीय, मदतीला जा, म्हणून हे गेले आणि ४३३ जणांना वर घेतलं, बहुतेक अफगाणिस्तानच्या हजारा समाजाचे. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटाकडे वळल्यावर सांगितलं गेलं की आत यायचं नाही. कॅप्टन आत आलेच, तेव्हा जहाजावर कमांडो चढवले. शेवटी यातल्या बऱ्याच लोकांना नाउरूला नेलं, काहींना न्यूझीलंडनं घेतलं. नाउरू म्हणजे एकवीस चौरस किलोमीटरचं बेट, पण वेगळा देश, फॉस्फेट काढून काढून मधला भाग पोखरलेला. दोन महिन्यांनी लिबरल पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी प्रचारात सांगितलं की या देशात कोण येणार आणि कुठल्या परिस्थितीत येणार हे आम्ही ठरवणार, आणि निवडणूक जिंकली.

[दृश्य: कॅनबेरा, वेस्टन पार्क, तळ्याच्या काठी रंगवलेले खांब. कॅमेरा हळूहळू एकेका खांबावरून.]

त्याच ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियातून निघालेली एक बोट बुडाली, ३५३ माणसं गेली. त्यातली १४६ मुलं. प्रत्येकासाठी एक खांब, मोठ्यांचा उंच, मुलांचा बुटका, आणि हे खांब देशभरातल्या शाळांनी, चर्चनी, गावातल्या मंडळांनी रंगवून पाठवले.

[दृश्य: बुटके खांब. संगीत नाही.]

आता पुढचं जरा पटापट सांगतो, कारण यात सरकारं इतकी बदलली की मोजता मोजता दमायला होतं. २००८ ला लेबरनं नाउरूतली छावणी बंद केली. बोटी वाढल्या, माणसं बुडाली, डिसेंबर २०१० ला ख्रिसमस बेटाच्या कड्यावर एक बोट अख्ख्या गावासमोर फुटली, लोक वरून लाइफ जॅकेट फेकत होते. २०१२ ला लेबरनंच नाउरूची छावणी पुन्हा उघडली आणि पापुआ न्यू गिनीतल्या मॅनस बेटावरचीही. जुलै २०१३ मध्ये लेबरचे पंतप्रधान केविन रड म्हणाले की इथून पुढे बोटीनं आलेला माणूस ऑस्ट्रेलियात कधीच स्थायिक होणार नाही. सप्टेंबरमध्ये लिबरलचे टोनी ॲबट पंतप्रधान झाले, नौदल लावलं, बोटी समुद्रातूनच माघारी फिरवल्या.

आणि बोटी थांबल्या. हे मान्य करायलाच हवं. एकट्या २०१३ मध्ये वीस हजारांच्या वर लोक बोटीनं आले होते, पुढच्या वर्षी येणं जवळपास शून्यावर आलं. त्याआधीच्या काही वर्षांत समुद्रात हजाराहून जास्त माणसं गेली होती, त्यामुळे कडक धोरणामुळे जीव वाचले म्हणणारा माणूस खोटं बोलतोय असं आम्ही म्हणणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. बोटी थांबल्या त्या समुद्रातल्या नौदलामुळे, मग जमिनीवर आलेल्यांना दहा-दहा वर्षं लटकवून काय थांबवलं?

[दृश्य: पार्लमेंट, सिनेटची मध्यरात्रीची बैठक.]

४ डिसेंबर २०१४, रात्र. स्थलांतर खात्याचे मंत्री स्कॉट मॉरिसन यांना सिनेटमध्ये एक कायदा पास करून हवाय आणि मतं काठावर आहेत. निर्णय एका माणसावर येऊन थांबलाय, रिकी म्युर, मोटारप्रेमींच्या छोट्याशा पक्षाचे सिनेटर. मॉरिसन यांचा सौदा असा, की कायद्याला मत द्या, तर ख्रिसमस बेटावरची मुलं डिटेन्शनमधून बाहेर काढतो. म्युर भाषणाला उभे राहिले, वाईट निर्णय आणि त्याहून वाईट निर्णय यातला एक निवडायची वेळ आणलीय म्हणाले, आणि मत दिलं. ३४ विरुद्ध ३२. मुलं बाहेर काढणं मंत्र्याच्या हातात आधीपासूनच होतं, त्याला कुठलाही कायदा लागत नव्हता, हे मात्र ऐकताना विसरू नका.

[दृश्य: टेबल, अर्जाची पानं उलटणारे हात.]

या कायद्यानं फास्ट ट्रॅक नावाची पद्धत आणली, आणि हायवेवर चालणाऱ्या बायकांची गोष्ट खरं तर इथून सुरू होते. ही पद्धत १३ ऑगस्ट २०१२ नंतर बोटीनं आलेल्या पण नाउरू किंवा मॅनसला न पाठवलेल्यांसाठी. आधी तर अर्जच करता येत नव्हता, मंत्र्यानं बंदी उठवून बोलावल्याशिवाय नाही, आणि कित्येकांना बोलावणं यायला तीन-चार वर्षं लागली. त्यात सरकारी खर्चानं मिळणारा वकील २०१४ मध्येच बंद केलेला. अर्जात शंभराहून जास्त प्रश्न, इंग्रजीत, आणि उत्तरं लिहिणाऱ्याला कधी कधी स्वतःच्या भाषेतही लिहिता येत नाही. मेलबर्न, सिडनीत वकिलांनी फुकटात रात्री बसून अर्ज भरले तरी रांग संपेना. मग मे २०१७ मध्ये नवे मंत्री पीटर डटन यांनी तारीख लावली, १ ऑक्टोबरच्या आत अर्ज नाही दिला तर विषय संपला. चार वर्षं दार लावून ठेवलं ते सरकारनं, उशीर झाल्याचा ठपका मात्र अर्जदारावर.

अर्ज दिला की एक मुलाखत. खात्याचा अधिकारी, दुभाषा, आणि समोर तुम्ही, तुरुंगात काय झालं, कोणी मारलं, तारखा काय, आधी बंदरावर उतरल्यावर वेगळी तारीख का सांगितली होती. नकार आला तर फेरतपासणी व्हायची, पण ती कागदावर. साधारणपणे तुम्हाला बोलावत नसत आणि नवा पुरावा अगदी अपवाद म्हणून घेत. त्यानंतर कोर्ट, पण तिथं फक्त कायद्याची चूक बघतात, तुम्ही खरं बोलताय का हे नाही. म्हणजे ज्या माणसानं निर्णय घेतला त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणीही तुमचं तोंडी ऐकलेलं नाही अशी पूर्ण प्रक्रिया.

[दृश्य: मेलबर्न, स्वॉन्स्टन स्ट्रीट, पार्क हॉटेल. काळ्या काचांमागे हात.]

जानेवारी २०२२. या हॉटेलात जगातला एक नंबरचा टेनिसपटू, नोव्हाक जोकोविच, लस न घेतल्यामुळे व्हिसावरून अडकला आणि जगभरचे कॅमेरे इथं आले. वरच्या मजल्यांवर उपचारासाठी नाउरू आणि मॅनसहून आणलेले निर्वासित होते, काहींचं डिटेन्शनमधलं नववं वर्ष. जोकोविचचा व्हिसा ६ जानेवारीला रद्द झाला, १० तारखेला न्यायाधीशांनी ऐकून तो परत दिला. १४ तारखेला मंत्र्यानं खास अधिकार वापरून पुन्हा रद्द केला. दहा दिवसांत सगळं, कोर्टही आणि मंत्रीही. वरच्या लोकांना शेवटी एप्रिलमध्ये सोडलं, निवडणूक तोंडावर असताना, कारण न सांगता.

[दृश्य: बिलोएला, क्वीन्सलंड. विमानतळावर गाव जमलंय, फुगे, मिठ्या.]

हे बिलोएला, खाटीकखाना आणि कोळशाचं छोटं गाव. मार्च २०१८ मध्ये पहाटे एका तमिळ कुटुंबाला, आईवडील आणि ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या दोन लहान मुली, घरातून उचललं. गावानं चार वर्षं पिच्छा सोडला नाही, त्यातले बरेच जण कडक धोरणाला मत देणारे, पण ही आमची माणसं आहेत म्हणाले. सरकार बदललं, मंत्र्यानं सही केली, जून २०२२ मध्ये हे कुटुंब गावात परत. आम्हालाही हे दृश्य खूप आवडतं, एडिटिंगला ते कापवेना. पण त्या कुटुंबाला कुठल्या कोर्टानं निर्वासित ठरवलं नाही, त्यांना सही मिळाली. ज्यांच्या मागे गाव नाही त्यांचं काय?

[दृश्य: मेलबर्न, डॉकलंड्स, गृहखात्याच्या ऑफिसबाहेर तंबू, २०२४.]

फेब्रुवारी २०२३ मध्ये लेबर सरकारनं तात्पुरत्या व्हिसावरच्या सुमारे १९,००० जणांना कायमचा मार्ग मोकळा केला. हे चांगलं केलं, आणि त्यानंतर बोटींचा लोंढा येईल म्हणत होते तो काही आला नाही, थोडे लोक आले त्यांना सरळ नाउरूला पाठवलं. पण फास्ट ट्रॅकमध्ये नकार मिळालेले आणि अडकलेले साधारण १२,००० जण बाहेरच राहिले. हे तंबू त्यांचे. शंभर दिवस रात्रंदिवस. ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता परवाना, दर काही महिन्यांनी संपतो, संपला की काम जायची भीती, मुलगी बारावी झाली तर युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्याची फी. त्या ऑगस्टमध्ये लहानपणी बोटीनं आलेल्या एका तमिळ तरुणानं मेलबर्नमध्ये जीव दिला. तंबू हलले नाहीत.

नाउरूचं चित्रण आमच्याकडे नाही. २०१४ पासून तिथं पत्रकाराच्या व्हिसाची फी ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियानं नाउरूशी नवा करार केला, आधी ४० कोटी डॉलरच्या वर आणि मग दरवर्षी साधारण ७ कोटी, कोर्टाच्या २०२३ च्या निकालानं सुटलेल्यांना तिकडे ठेवायला.

[दृश्य: पाम संडेचा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारचा, मोर्चा, मेलबर्न, स्टेट लायब्ररीसमोर फलक.]

तर मग माणुसकीचं धोरण म्हणजे नेमकं काय मागतायत लोक? सीमा उघडा असं इथं फार थोडे म्हणतात. मागणं असं, की डिटेन्शनला दिवसांची मर्यादा घाला आणि ती कोर्टानं तपासावी. अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांनी २०२१ मध्ये तसं विधेयक मांडलंही होतं, ते काही कायद्यात उतरलं नाही. दुसरं, नकार मिळालेल्याला स्वतंत्र माणसासमोर बोलायची एक संधी. तिसरं, छावण्यांमधून थेट आणल्या जाणाऱ्यांची संख्या वाढवा, निर्वासितांसाठीच्या एकूण जागा २०२३ पासून वर्षाला २०,००० केल्यात, म्हणजे जमतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये फास्ट ट्रॅक बंद झालं. नवीन न्यायाधिकरण आलं, तिथं माणसाला ऐकतात. पण जुन्या पद्धतीत ज्यांना नकार मिळाला त्यांच्या फायली आपोआप उघडल्या नाहीत. त्यांनी पुन्हा अर्ज करायचा तर मायग्रेशन कायद्याचं कलम ४८बी, मंत्र्यानं स्वतः बंदी उठवायची, आणि ती उठवावीच असं त्याला कुठलंही कोर्ट सांगू शकत नाही. परत पाठवायचं तर तेही होत नाही, कारण यातले बरेच इराणी आहेत आणि जबरदस्तीनं पाठवलेली माणसं इराण घेत नाही.

[दृश्य: पार्लमेंटसमोरची हिरवळ, फलक, श्रेयनामावली सुरू.]