रडू आलं, पण कुणामुळे?

(लातूर इथे चित्रपटरसिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गंभीर सिनेमा बघून माणसं बाहेर पडली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "काय रडवलंय राव!" आणि "ॲक्टिंग एक नंबर!" दोन्ही अगदी मनापासून आलेली असतात. पण रडवलं कुणी? नटानं, दिग्दर्शकानं, की मागं वाजणाऱ्या व्हायोलिननं? ते रडू सिनेमानं कमावलं की आपल्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवून काढून घेतलं, हे तपासायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि त्यासाठी लागणारी नजर मराठवाड्यातल्या प्रेक्षकाकडं आधीपासून आहे, असं माझं ठाम मत आहे.

1920 च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला. इव्हान मोझुखिन या नटाचा, फारसा काही भाव नसलेला एकच चेहरा त्यानं वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. एकदा सूपचं भांडं, एकदा शवपेटी. बघणाऱ्यांना पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात शोक. नटानं काहीही वेगळं केलेलं नव्हतं. शंभर वर्षं झाली, आपण आजही तसेच फसतो. पडद्यावर चिता पेटलेली असते, लगेच मुलाचा चेहरा दिसतो आणि आपण म्हणतो, काय काम केलंय पोरानं! कदाचित केलंही असेल. पण ते श्रेय संकलकाचंही असू शकतं, एवढी शंका मनात असू द्यावी.

मग नटाचं काम ओळखायचं कसं? आपली सवय रंगमंचाची आहे. कीर्तन, भारूड, गॅदरिंगची नाटकं यांवर आपला कान आणि डोळा तयार झाला. लक्ष्मण देशपांडे सरांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं 52 माणसं उभी केली. तिथं आवाज आणि अंग शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावंच लागतं, तो त्या कलेचा धर्मच आहे. कॅमेरा मात्र नटाच्या नाकासमोर येऊन बसतो. तिथं तेवढाच जोर लावला की तो जास्तीचा होतो. म्हणून ओरडणाऱ्या, भिंतीवर डोकं आपटणाऱ्या नटाला लगेच नंबर देऊ नका. त्या दृश्यात गप्प बसून ऐकणारा जो दुसरा आहे, त्याच्याकडं बघा. आपला संवाद यायची वाट बघत तो उभा आहे, की समोरच्याचं बोलणं त्याच्या अंगात उतरतंय? संवाद पाठ करता येतात. ऐकणं पाठ करता येत नाही.

आणि हात बघा. इथल्या आयाबहिणींना मी काय सांगणार! पडद्यावर एखादी नटी चुलीपुढं बसलेली असते. ज्वारीचं पीठ मळलेलं, काठवटीत गोळा घेतलेला, भाकरी थापताना ती हाताखाली आपोआप फिरत गेली पाहिजे. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं आणि ते सुकत आलं की उलटायची. जिच्या हाताला हे नवीन आहे ती भाकरीकडं बघत संवाद म्हणते. जिनं चार महिने शिकून घेतलंय किंवा जन्मभर केलंय, ती पोराकडं बघून त्याच्यावर डाफरते आणि हात त्यांचं काम करत राहतात. मुंबई-पुण्याच्या समीक्षकाच्या नजरेतून हे निसटू शकतं. तुमच्या नजरेतून निसटणार नाही. बोलीचंही तेच. मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'काय करायलास' ऐवजी साताऱ्याकडचं 'काय करतुयास' आलं, की तो माणूस आपल्या डोळ्यांदेखत खोटा होतो.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' 2013 चा. त्यातला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, नट म्हणून शिकून आलेला पोरगा नव्हता. डुक्कर धरायची धावपळ चाललीये, शाळेतली पोरं बघतायत, लाजेनं तो तोंड लपवतोय, आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. तो जागच्या जागी ताठ उभा राहतो. घरची माणसंही थांबतात. कुणी भाषण करत नाही, कुणी रडत नाही. मानानं उभं राहायला शिकवणारी शाळा आणि मान खाली घालायला लावणारं गाव, दोन्ही दिग्दर्शकानं त्या एका प्रसंगात आणलं. याला मी दिग्दर्शन म्हणतो. ड्रोननं काढलेली हिरवीगार शेतं म्हणजे दिग्दर्शन नव्हे. किशोर कदम यांनी केलेला बाप पुन्हा बघा, त्या माणसाच्या मानेत आणि खांद्यांत सगळं आयुष्य वाकलेलं आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2014 चा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तरी आपल्यातल्या अनेकांना तो संथ वाटला. मॅनहोलमध्ये मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्ष द्यायला उभी आहे. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा, हे ती रेशनच्या दुकानात नाव सांगावं तसं सांगते. कॅमेरा लांब, हलत नाही. ना डोळ्यांचा क्लोजअप, ना सनई. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानं तिला हंबरडा फोडायला लावला असता, आपण रडून मोकळे झालो असतो आणि ते झुरळ विसरून गेलो असतो. इथं ते झुरळ डोक्यातून जात नाही. माझ्या लेखी परिणाम म्हणजे हा.

संगीतावर माझा राग नाही. 'सैराट'नं 2016 साली अख्ख्या महाराष्ट्राला नाचवलं आणि शेवटी मात्र आवाजच काढून घेतला. गाणी कुठं वाजवायची हे ज्याला कळतं, त्यालाच ती कुठं थांबवायची हेही कळतं.

आता आपल्या दुखण्यावर येतो. मराठवाडा पडद्यावर आला की भेगाळलेली जमीन, आभाळाकडं बघणारा म्हातारा आणि फास. ही दुःखं खरी आहेत, म्हणूनच त्यांचा स्वस्तात वापर झाला की मला संताप येतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे या लातुरात आली. त्याआधी टाक्यांभोवती 144 कलम लागलं होतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तो उन्हाळा काढलाय. तेव्हा कुणी आभाळाकडं बघत बसलं होतं का? घागरींचे नंबर लावले जात होते, नंबरावरून भांडणं होत होती, टँकर कधी येणार म्हणून फोनाफोनी चालली होती, आणि कुणाचं लग्न ठरलं तर आधी पाण्याचा हिशेब होत होता. टंचाईत माणसाला रडायलासुद्धा सवड नसते. ही धांदल ज्या सिनेमात नाही, तो दुष्काळाचा सिनेमा कितीही रडवो, मी त्याला चांगला म्हणणार नाही. ज्यांनी दुष्काळ भोगलाय, त्यांनीच त्याच्या चित्रणाची परीक्षा करायची. तो अधिकार परीक्षक मंडळाकडं सोपवू नका.

मघाशी एका ताईंनी विचारलं, मग रडायचंच नाही का? खुशाल रडा, मीही रडतो. फक्त घरी गेल्यावर तोच प्रसंग मोबाईलवर आवाज बंद करून एकदा बघा. नट तेव्हाही तुम्हाला धरून ठेवत असेल तर ते त्याचं काम. काहीच होत नसेल तर तुम्हाला रडवलं ते वाद्यवृंदानं.

आता चर्चेला वेळ ठेवलाय. 'आवडला', 'नाही आवडला' एवढ्यावर थांबू नका. एक प्रसंग निवडा, त्यात कोण काय करत होतं आणि कॅमेरा कुठं होता ते सांगा. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलांपासून सुरुवात करू.