ह्याइला पाणी कोण पाजायलंय?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय झुरळांबद्दल. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते, पुढे पुन्हा सांगणार आहे. घरातलं झुरळ खाण्यावाचून कित्येक दिवस काढतं, पण पाण्यावाचून त्याला फार दिवस निभत नाही. तेव्हा खरकटं आवराच, पण आधी पाणी शोधा.

हे मला शिकवलं माझ्या आत्यासासूबाईंनी. साल 2016. लातूरकरांना तो उन्हाळा वेगळा सांगायला नको. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी आणि 5 लाख लिटर पाणी. आमच्या गल्लीत टँकर आला की घागरी, कळशा, बादल्या, सगळं रांगेला लागायचं. आंघोळीचं पाणी परातीत धरून तेच संडासाला वापरायचं. भांडी राखेनं घासायची नि ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. मोरी दिवसदिवस कोरडी ठाक.

आणि अशा घरात झुरळं! रात्री पाण्याला उठावं, दिवा लावावा, की ओट्यावरून सळसळ. बारकी, पिवळट तपकिरी, मानेमागं दोन काळ्या रेघा. फवाऱ्याचे तीन डबे मी संपवले. फवारलं की चार दिवस सामसूम, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

आत्या औशाकडच्या गावाहून चार दिवस राहायला आल्या. त्यांचं घर माळवदाचं. म्हणाल्या, "आमच्याकडं न्हाणीत मोठं लाल झुरळ निघतं, एखादं दुसरं. ही पिलावळ निराळी हाय." मग ओट्याकडं बघत म्हणाल्या, "सुनबाई, हितं माणसाला प्यायला पाणी नाही, अन् ह्याइला कोण पाजायलंय?"

मला काही उत्तर सुचेना. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी रांगोळीचा डबा मागितला, पिठाची बारीक चाळणी घेतली आणि अख्ख्या स्वयंपाकघरात फरशीवर रांगोळी चाळली. अगदी पातळ, फरशीचा रंग दिसेल इतकी. "कुणी आत पाय घालू नका" म्हणून दाराला आडवी खुर्ची लावली.

(इथं मला एक सांगू द्या. हल्ली उंबऱ्यापुढं रांगोळीचे छापील कागद चिकटवतात. मला ते मुळीच पटत नाही. हातानं चार ठिपके काढायला दोन मिनिटं लागतात, आणि दार झाडूनच ते काढावे लागतात. घरात रांगोळीचा डबा असावा.)

पहाटे आत्यांनी मला हाक मारली. बॅटरी फरशीलगत आडवी धरली होती. रांगोळीत बारीक बारीक पावलांच्या रेघा, सुईनं ओढल्यासारख्या. ओट्याखालून एक वाट, गॅसच्या टाकीमागून दुसरी, फडताळाच्या बिजागरीपासून तिसरी. आणि तिन्ही वाटा जात होत्या फ्रीजखाली.

बटण बंद करून, वायर काढून फ्रीज पुढं ओढला. मागं खाली, मोटारीच्या वर, एक प्लास्टिकचा ट्रे असतो. आतला बर्फ वितळला की पाणी त्यात उतरतं. आठ वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता. बोटभर पिवळट पाणी, कडेला मिरपुडीसारखी विष्ठा, आणि मोटारीच्या उबेला चिकटलेली झुरळंच झुरळं. एका मादीच्या मागं तपकिरी पिशवी लोंबत होती, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. अशा एका पिशवीत 30-40 अंडी असतात. गावाला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि ह्यांचा पाणवठा माझ्याच फ्रीजमागं भरलेला होता. आत्या एवढंच बोलल्या, "घावलं."

तो ट्रे धुऊन कोरडा केला आणि मग औषध घातलं. औषधाचं थोडक्यात सांगते. फवाऱ्यानं समोरची मरतात, फटीतली आणखी आत सरकतात, आणि अंड्यांच्या पिशवीत फवारा सहसा पोचत नाही. त्यापेक्षा झुरळं मारायचं जेल बरं. त्याचे मसुराएवढे ठिपके बिजागऱ्यांत, ओट्याखालच्या कोपऱ्यांत, फ्रीजच्या रबराजवळ लावायचे. जेल खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा नि त्याचं मढं खाऊन बाकीचीही मरतात. जेल लावलंत की त्या जागी फवारा मारू नका, मग ती जेलला तोंड लावत नाहीत. जेल नको असेल तर बोरिक पावडर, तेवढीच कणीक, चमचाभर साखर, दुधात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. असर हळू होतो, धीर धरा. रांगत्या मुलाचा हात पोचेल किंवा मांजर तोंड घालेल, तिथं मात्र ठेवू नका.

महिन्यानं दुसरी फेरी हवीच, कारण पहिल्या फेरीत वाचलेल्या पिशव्यांतून तोवर पिल्लं बाहेर येतात. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके घरात साठवू नका, त्यांच्या घड्यांतूनच ही पिलावळ येते. ज्या घरात दम्याचं लेकरू आहे त्यांनी तर हे उद्यावर टाकूच नये. झुरळांच्या विष्ठेनं आणि कातीनं दमा उसळतो.

आणि पाणी, पुन्हा सांगते, पाणी. रात्री निजताना ओटा कोरड्या फडक्यानं पुसा, भांड्याचा ओला चोथा पिळून उंच टांगा, मोरीच्या जाळीवर झाकण घाला, पिंपाखाली ओल राहते तिथं हात फिरवून बघा.

आत्या आता थकल्यात, लातूरला येणं होत नाही. फोनवर पहिला प्रश्न असतो, "ट्रे पुसलास का?" दर रविवारी पुसते, म्हणून सांगते.

नमस्कार.