२५ जानेवारीचं पत्र

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हेरगिरीवर बोलायचं म्हटलं की श्रोत्यांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. रॉ, मोसाद, बनावट पासपोर्ट, दुबईच्या हॉटेलातल्या भेटीगाठी. आज त्यातलं फारसं काही मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बोलणार आहे एका सरकारी पत्राबद्दल आणि म्हसळा-श्रीवर्धनकडच्या दोन-तीन फाट्यांबद्दल.

२५ जानेवारी १९९३. दंगलींतून मुंबई अजून सावरलेली नव्हती. त्या दिवशी कस्टम्सच्या वरिष्ठांनी किनारा सांभाळणाऱ्या आपल्या अधिकाऱ्याला एक गोपनीय पत्र धाडलं. मजकूर असा की, पाकिस्तानची आयएसआय सोन्या-चांदीच्या चोरट्या मालाबरोबर मोठ्या प्रमाणावर स्वयंचलित शस्त्रं उतरवणार आहे. कधी? येत्या पंधरा ते तीस दिवसांत. कुठे? मुंबईच्या आसपास, श्रीवर्धन, बाणकोट, रत्नागिरी.

ही खबर किती नेमकी आहे बघा. एरवी गुप्तवार्ता म्हणजे ‘किनारपट्टीवर विशेष दक्षता बाळगावी’ छापाचं काहीतरी असतं. काही घडलं तर ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणायला मोकळे, नाही घडलं तर कोणी विचारत नाही. इथे मात्र कोण, काय, कुठे आणि कधी, चारही प्रश्नांची उत्तरं होती. असा कागद अधिकाऱ्याच्या नोकरीत क्वचितच हाती येतो.

पत्राला आठ-नऊ दिवस होतात न होतात तोच, २-३ फेब्रुवारीच्या रात्री, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला माल उतरला. ७-८ फेब्रुवारीला पुन्हा उतरला. एके-५६ रायफली, हातबॉम्ब आणि आरडीएक्स. कटातली माणसं त्याला ‘काळा साबण’ म्हणत. हाच साबण १२ मार्चला शुक्रवारी दुपारी शेअर बाजारापासून पुढे एकामागोमाग बारा ठिकाणी फुटला आणि २५७ माणसं गेली.

मग त्या पत्राचं काय झालं? ते गहाळ झालं नाही, दुर्लक्षितही राहिलं नाही. त्यावर कार्यवाही झाली! जानेवारीच्या अखेरीस नाकाबंदी लावली गेली. फक्त भलत्या जागी. मुंबईकडे निघायचा साई-मोर्बा-गोरेगावचा फाटा मोकळा राहिला. हे मुंबईचं गोरेगाव नव्हे, माणगावजवळचं. ज्याला या भागातले रस्ते ठाऊक आहेत त्याच्याकडून तो फाटा राहून जाणं अवघड आहे. न्यायालयालाही तसंच वाटलं आणि ज्यांना ते पत्र आलं होतं ते कस्टम्सचे तेव्हाचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा दोषी ठरले.

पण मला थापांपेक्षा आधीची एक रात्र जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो. ९ जानेवारी. तेव्हा हे पत्र निघालंही नव्हतं. दिघीच्या जेटीवर माल उतरला, ट्रक निघाले आणि गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले. म्हणजे यंत्रणा जागी होती, जिथे उभं राहायला हवं तिथेच उभी होती. पुढे काय झालं? घासाघीस. लाखांत रक्कम ठरली. एवढी रोकड त्या वेळी जवळ नाही म्हटल्यावर ट्रकमधल्या चांदीच्या विटा तारण म्हणून काढून घेतल्या आणि ट्रक सोडले. मध्यरात्री, रस्त्याच्या कडेला, सावकाराच्या ओट्यावर चालावा तसा हा व्यवहार झाला.

त्या पोलिसांना देश विकायचा होता असं मला वाटत नाही. त्यांना चांदी दिसली आणि चांदीचा भाव ठाऊक होता. खाली काय आहे हे बघायची पद्धतच नव्हती. लँडिंग एजंट, ट्रकवाले, हमाल, कस्टम्स, पोलीस ही साखळी कोकण किनाऱ्यावर वर्षानुवर्षं सोन्या-चांदीसाठी, घड्याळांसाठी, कापडासाठी बसवलेली होती. स्फोटांचा सूत्रधार टायगर मेमन, त्याला नवी वाट पाडावी लागली नाही. तयार वाटेवरून त्याने वेगळा माल आणला, एवढंच. आयएसआयची हुशारी कोणती म्हणाल, तर ही वाट हेरणं. बाकीचं काम आपल्याच माणसांनी आपल्याच नेहमीच्या दरात केलं.

राष्ट्रीय सुरक्षेवरच्या चर्चेत आपण उपग्रह, फोन टॅपिंग, सायबर वगैरे बोलतो, पण फाट्यावरच्या हवालदाराचा हप्ता तिथे कधी निघत नाही. तो विषय ‘स्थानिक’ समजला जातो.

आणखी एक गोष्ट. स्फोटांच्या तीन दिवस आधी, दंगलीच्या गुन्ह्यात पकडलेल्या एका तरुणाने पोलिसांना पाकिस्तानातल्या प्रशिक्षणाबद्दल आणि बॉम्बच्या बेताबद्दल सांगितलं होतं, असं पुढे प्रसिद्ध झालं. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. इथे मी पोलिसांना थोडं समजून घेतो. कोठडीतला माणूस काहीही बोलतो. गुप्तवार्ता खात्यांत खबरीला प्रत देण्याची जुनी रीत आहे: खबर देणाऱ्यावर भरवसा किती, त्याला ए ते एफ, आणि खबर खरी वाटते किती, त्याला एक ते सहा. त्या तरुणाला एफ-सहाच मिळाला असता, म्हणजे ‘दोन्ही ठरवता येत नाही’. पण एफ-सहासुद्धा कुठेतरी लिहून ठेवायचा असतो, २५ जानेवारीच्या पत्राशेजारी लावून बघायचा असतो. एक कागद कस्टम्सकडे, दुसरी माहिती पोलीस ठाण्यात. दोघांची गाठ पडेल अशी जागाच नव्हती.

ती जागा पुढे झाली, कारगिलनंतर. २००१ साली मल्टी एजन्सी सेंटर आलं. तरी २००८ चं २६/११ उजाडलंच. त्या वेळीही समुद्रमार्गे हल्ल्याच्या आणि ताज हॉटेलच्या सूचना होत्या. ताजचा बंदोबस्त वाढवला गेला आणि पुढे सैलही झाला. त्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीने नंतर नेमकं हेच दाखवलं की सूचना येत होत्या आणि ठराविक पद्धतीने पुढे सरकवल्या जात होत्या. रोजच सावध राहा म्हटलं की माणूस एक दिवस सावध राहणं सोडतो. एनआयए स्थापन झाली ती त्या डिसेंबरातल्या कायद्याने. सागरी पोलीस ठाणी वाढली, नौका आल्या. त्यातल्या किती चालत्या असतात, हे तुम्ही मला सांगावं. तुम्ही किनाऱ्यावर राहता.

कोणीतरी बहिर्जी नाईकांबद्दल विचारणार, म्हणून आताच सांगतो. त्यांच्या कर्तबगारीइतकीच महत्त्वाची गोष्ट ही की त्यांची खबर थेट महाराजांच्या कानावर जायची. मधे टपाल विभाग नव्हता.

शेवटी १८ ऑगस्ट २०२२. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य बोट लागली, आत तीन एके-४७ रायफली. तालुका श्रीवर्धनच. कट वगैरे काही नव्हता. मस्कतहून युरोपला निघालेली परदेशी नौका, इंजिन बंद पडल्यावर जूनमध्ये सोडून दिलेली. ती जवळजवळ दोन महिने वाहत वाहत इथवर आली. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, रडार अशी सगळी तटबंदी पार करून ती वाळूला लागेपर्यंत कोणी अडवली नाही. ती दिसली गावकऱ्यांना, त्यांनी पोलिसांना कळवलं, आणि मग अख्ख्या जिल्ह्यात नाकाबंदी. या वेळी साई-मोर्ब्याच्या फाट्यावर कोणी उभं होतं का, हे मला अजून कळायचं आहे. सभागृहात कोणी त्या बाजूचं असेल तर प्रश्नोत्तरांत सांगा.