रात्रौ ८॥ वाजता

(पडद्यावर: रद्दीचं दुकान. तराजू, सुतळीने बांधलेले गठ्ठे.)

पोस्टर करायचं म्हटलं की आपण आधी काय करतो, तर फोन काढतो. पिंटरेस्टवर 'एडिटोरियल लेआउट' टाकायचं आणि तासभर अंगठ्याने वर सरकवत बसायचं, भरपूर पांढरी जागा, कोपऱ्यात एक लालभडक चौकोन, मोठ्ठी काळी अक्षरं, सगळं कसं झकास दिसतं. मीही हेच करायचो. मग एकदा एका हौशी नाटक ग्रुपचं पोस्टर माझ्याकडे आलं आणि मी असंच एक स्विस पद्धतीचं पोस्टर समोर ठेवून त्यातली अक्षरं काढून मराठी अक्षरं बसवली, मधलं अंतरही तसंच ऐसपैस ठेवलं, आणि प्रिंट हातात आली तर शिरोरेषेचे तुकडे तुकडे. ग्रुपमधले एक काका चष्मा वर करून म्हणाले, "हे नाटकाचं नाव आहे का डोळ्याच्या डॉक्टरचा तक्ता?"

काकांचं बरोबर होतं.

देवनागरीचं अंगच वेगळं आहे हो. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, म्हणजे एका ओळीला तीन मजले. इंग्रजीत दहा पॉइंटच्या अक्षराला बाराचं लेडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर, आरामात चालतं, मराठीत तेवढंच दिलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर जाऊन बसतो, मी आता पंधरा-सोळाच्या खाली जातच नाही. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे 'सगळं कॅपिटलमध्ये टाक, भारदस्त दिसेल' ही युक्ती बाद. आणि मजकूर वरच्या रेषेला लटकलेला असतो, इंग्रजीसारखा खालच्या रेषेवर उभा नसतो, म्हणून फोटोच्या शेजारी कॉलम लावताना फोटोची वरची कड कशाशी जुळवायची हा प्रश्न मराठीत वेगळाच सुटतो.

तर मग बघायचं कुठे? मला उत्तर सापडलं ते रद्दीत.

(पडद्यावर: पिवळा पडलेला पेपर, नाटकांच्या जाहिरातींचं पान.)

हे पान बघा. जुन्या मराठी पेपरातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान, डिझाइनच्या कुठल्याही महागड्या पुस्तकापेक्षा मला यातून जास्त मिळालंय. जाहिरातीचे पैसे कॉलम-सेंटिमीटरवर मोजतात, म्हणजे निर्मात्याला प्रत्येक सेंटिमीटर खिशातून काढावा लागतो. त्या काडेपेटीएवढ्या जागेत काय काय बसवायचं, तर संस्थेचं नाव, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, कलाकारांची रांग, शिवाजी मंदिर, गडकरी, दीनानाथ ही नाट्यगृहं, शनि. दु. ४, रवि. रात्रौ ८॥. आणि शेजारी तशाच वीस जाहिराती ओरडत असतात. मग कुणी सगळी चौकट काळी करून नाव पांढऱ्यात सोडतो, कुणी उलट सगळं पांढरं ठेवून मध्ये एकच नाव, बाकी सगळं मुंगीएवढं तळाला. पांढरी जागा विकत घ्यावी लागते तेव्हा ती कशी वापरायची हे माणूस बरोबर शिकतो.

त्यात नाटकाचं नाव मात्र खिळे, म्हणजे छापखान्यातली सुटी धातूची अक्षरं, जुळवून यायचं नाही, ते हाताने काढायचे आणि त्याचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करायचे. या कामातलं मोठं नाव कमल शेडगे, जन्म १९३५, गेले २०२० साली. नाटकांच्या नावांची त्यांची अक्षरं एका ओळीत लावून बघा. नाटक हलकंफुलकं आहे की ऐतिहासिक की घरातल्या घरात सुरी फिरवणारं, हे चित्र नसतानाही कळतं, ते सगळं अक्षराच्या वळणात असतं. शिरोरेषा त्या काळच्या अक्षरकारांना अडचण वाटतच नव्हती, कुणी ती वाकवली, कुणी लांब ओढून तिच्याखाली कलाकारांची नावं टांगली, कुणी सरळ काढूनच टाकली आणि तरी नाव वाचता येतं. मी तिचे तुकडे केले ते न कळता, यांनी केले ते कळून, फरक एवढाच.

आणि ते ८॥. साडेआठ. पाव, अर्धा, पाऊण लिहायची आपली जुनी रीत, एक दांडी पाव, दोन दांड्या अर्धा. '८.३०' पेक्षा जागा कमी खाते आणि दिसायलाही ऐटबाज.

(पडद्यावर: ग्रंथालयात दिवाळी अंकांचा ढीग.)

मासिकाच्या पानांसाठी दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. मुंबईतलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, ठाण्याचं त्याहून जुनं, १८९३ चं, अशा जुन्या ग्रंथालयात जाऊन अंक मागा आणि गोष्टी वाचू नका, नुसती पानं उलटा. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला, मूळचे गोव्याचे हे चित्रकार, त्यांची मुखपृष्ठं सगळे बघतात, मला आवडतं ते आतल्या पानातलं चित्र, मजकुराला कुठे ढकलतं आणि कुठे जागा देतं. 'ललित'वर वसंत सरवट्यांची मुखपृष्ठं, तिथे रेघ किती कमी लागते ते बघा. आणि 'आवाज'मधल्या खिडक्या! पानाला भोक, भोकातून दिसतं काहीतरी भलतंच, लाजत लाजत पान उलटावं तर आत अगदी साधा प्रसंग. चावट आहे, पण पान उलटणं हाच लेआउटचा भाग आहे हे त्यांच्याइतकं कुणी वापरलं नाही असं माझं मत.

लांब कशाला, घरातल्या भिंतीवर बघा. कालनिर्णय, १९७३ पासून. तारीख खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते, सण दोन पावलं पुढे आलं की, आणि तिथी-नक्षत्र बघायला आजी नाक लावून उभी राहते. एकाच चौकटीत तीन अंतरं. पोस्टरलाही हेच लागतं, रस्त्यापलीकडून नाव, थांबलेल्याला तारीख, जवळ आलेल्याला बाकीचं.

बघायची माझी पद्धत सांगतो. पान उलटं धरायचं, वरची बाजू खाली. वाचता येत नाही म्हटल्यावर डोळ्याला नुसते काळे-पांढरे ठोकळे दिसतात. मग पट्टी घेऊन समास मोजायचे, नावाची उंची पानाच्या कितवा हिस्सा ते वहीत लिहायचं. नक्षी उचलायची नाही, मापं उचलायची. नक्षी उचलली की ते 'रेट्रो' होतं आणि मग प्रत्येक मिसळीच्या हॉटेलाच्या पाटीसारखं दिसायला लागतं.

(पडद्यावर: नवीन पोस्टर, चिकटपट्टीने भिंतीवर लावलेलं.)

त्या नाटक ग्रुपने पुढच्या वर्षी परत मलाच बोलावलं, काकांचा आग्रह म्हणे. या वेळी नाव हाताने काढलं, सात-आठ कागद फाडले, शिरोरेषा एकच, डावीकडून उजव्या कडेपर्यंत सलग, आणि सगळी नावं तिच्याखाली. काळी पट्टी तळाला, त्यात पांढऱ्यात रवि. रात्रौ ८॥.

काका लांबून बघून म्हणाले, "हां."

ग्रुपमधला कॉलेजचा एक पोरगा जवळ आला, वाकून बघितलं आणि हळूच विचारलं, "दादा, आठच्या पुढे दोन रेषा आल्यात, प्रिंटिंग मिस्टेक आहे का?"