टेबलावरचा बिग बॉय

हे जे बोगद्यातून हळूहळू बाहेर येतंय ना, ते बिग बॉय, म्हणजे एका अजस्र वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी 1941 ते 1944 मध्ये अशी फक्त 25 इंजिनं बनली, वसॅचच्या डोंगरातला चढ लांबलचक मालगाडीला एकट्याच्या जोरावर पार करून द्यायचा म्हणून. नाव कंपनीचं नाही, कारखान्यातल्या कुणा कामगारानं इंजिनाच्या तोंडावर खडूनं लिहून ठेवलं आणि तेच चिकटलं. 4014 नंबरचं तर 2019 पासून परत वाफेवर धावतंय, पण ते घरात मावत नाही, म्हणून हे मॉडेल.

मॉडेल एचओ स्केलचं, म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 पट लहान. खरं इंजिन टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, धरून साडेचाळीस मीटर, हे साडेशेहेचाळीस सेंटीमीटर.

आता कॅमेरा जरा खाली, चाकांकडे. चाकांना जोडलेले हे रॉड, म्हणजे दांडे, बघा, पुढे-मागे, वर-खाली, किती वेळ बघत बसलं तरी कंटाळा येत नाही. पण गंमत अशी आहे की इथे सगळं उलटं चाललंय. खऱ्या इंजिनात वाफ पिस्टनला ढकलते, पिस्टन रॉडला आणि रॉड चाकाला. इथे मोटर बॉयलरच्या पोटात लपलीय, ती गिअरमधून चाक फिरवते आणि चाक बिचाऱ्या रॉडला ओढत नेतं, पिस्टन नुसता सोबत हलतो. काम शून्य, पण तो हलला नाही तर सगळी मजाच गेली. आणि दोन्ही बाजूंचे रॉड एकाच वेळी एकाच जागी नसतात, पाव फेरीचा फरक असतो, तो जरासा जरी चुकला तरी इंजिन लंगडतं.

आता वळण. घरच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या रुळांवर, 18 इंच त्रिज्येचं वळण नेहमीचंच, जागाच तेवढी असते. त्याला 87 नं गुणा, आले जवळपास 40 मीटर, म्हणजे इंजिन जेवढं लांब तेवढीच वळणाची त्रिज्या! खऱ्या बिग बॉयला असल्या वळणावर कुणी सोडणार नाही. त्याच्या सोळा मोठ्या चाकांपैकी पुढची आठ असलेला भाग बॉयलरखाली डावी-उजवीकडे वळतो, मागचा मात्र पक्का. बऱ्याच मॉडेलमध्ये दोन्ही भाग वळते ठेवलेत, ही सरळसरळ चीटिंग आहे आणि माझी काही तक्रार नाही. फक्त वळणावर बॉयलरचं नाक रुळाबाहेर लटकतं ते वरून बघू नका, नजर रुळाच्या पातळीला ठेवा.

आवाज ऐका. दोन सिलिंडरचं साधं इंजिन चाकाच्या एका फेरीला चार वेळा छक करतं. बिग बॉयला सिलिंडर-चाकांचे असे दोन जोड, दोघांची चाकं वेगवेगळी फिरतात, त्यामुळे छकछक कधी जुळते, कधी सुटते. इथे मात्र मोटर एकच असली की दोन्ही जोड एकमेकांना बांधलेले, म्हणून ते जुळणं-सुटणं चांगल्या साउंड डिकोडरमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये, मुद्दाम भरलेलं असतं. धूर म्हणाल तर धुराड्यात तेल गरम होतं, बाकी काही नाही. तो खऱ्यासारखा उसळत नाही, उदबत्तीसारखा निघतो, मी बहुतेक वेळा बंदच ठेवतो.

मॉडेल चांगलं की नाही हे मी जोरात पळवून बघत नाही. खरी गाडी ताशी 96 किलोमीटरनं जात असेल तर टेबलावर ते सेकंदाला 30-31 सेंटीमीटर होतं, तेवढं कुठलंही जातं. मी पाहतो ते असं, एक चाक एक फेरी पूर्ण करायला दहा सेकंद लावतं का, न अडखळता. कारण वीज रुळातून चाकात आणि चाकातून मोटरला जाते, रुळावर धुळीचा एवढासा थर आला की संपलं.

हे बघा, थांबलं. ऐन शूटिंगमध्ये. 540 टनांचा बाप, आणि मी त्याला करंगळीनं पुढे ढकलतोय.